त्रेसष्टावी उडी

प्रयोगशाळेत तिला सगळे ठिपकेबाई म्हणायचे, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. त्याआधी तयार कपड्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं तिला "ए खडू" अशी हाक असायची. कापडावर काजं, खिसे, शिवणी यांच्या खुणा करायच्या, हे तिथलं तिचं काम. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती. नवऱ्याची कंबर त्याच्या दोन वर्षं आधीच कामातून गेली होती. तो गोदामात माल चढवायचा. एका दुपारी खोकं उचलायला म्हणून वाकला, तो तसाच खाली बसला. त्यानंतर तो सरळ असा कधी उभा राहिला नाही. घरात बसून भाजी निवडायचा, रेडिओ ऐकायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची थट्टा करायचा.

क्रीडासंस्थेच्या फाटकावर एक कागद लावलेला होता: हात स्थिर, डोळे शाबूत आणि कंटाळा न येणारी व्यक्ती पाहिजे. शिक्षणाची अट नव्हती. ती आत गेली. तळघरात एक लांबलचक हॉल होता, भिंतींवर सहा कॅमेरे, मधोमध जमिनीत बसवलेली पोलादी पाटी. पाटीवर पाय पडला की किती भार आला ते संगणकावर उमटायचं. हा सगळा पसारा ज्यांचा होता त्या मॅडमनी तिच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि म्हणाल्या, "यावर एका रेषेत वीस टिंबं काढा. पट्टी न घेता."

तिने काढली. मॅडमनी पट्टी लावून पाहिली आणि हसल्या. "उद्यापासून या."

काम तसं समजायला सोपं होतं. खेळाडू मुली यायच्या. त्यांच्या खुब्यावर, गुडघ्यावर, घोट्यावर, टाचेवर, पायाच्या दुसऱ्या बोटाशी ती चिकटपट्टीने छोटे चकाकणारे गोळे लावायची. हाडाचा उंचवटा अंगठ्याने चाचपून बरोब्बर त्यावर. मुली एका उंच फळीवरून खाली पाटीवर उडी मारायच्या, लगेच वर झेपावून टांगलेल्या चेंडूला हात लावायच्या. कॅमेरे एका सेकंदात अडीचशे चित्रं काढायचे. मग संगणक त्या चकाकत्या ठिपक्यांवरून हाडांचा सापळा उभा करायचा, आणि गुडघा किती वाकला, आत किती पडला, त्यावर किती ताण आला हे सांगायचा. पण संगणक जुना होता. हात पायाच्या आड आला की त्याचे ठिपके हरवायचे, डाव्याचे उजव्याला जायचे. ते एकेक चित्र उघडून, प्रत्येक ठिपका जागेवर आणायचं काम ठिपकेबाईचं. कधी कधी दिवसाला दोन हजार ठिपके.

पहिल्या संध्याकाळी तिने हे सगळं नवऱ्याला सांगितलं. तो उशीला टेकून ऐकत होता.

"म्हणजे माणूस मोडायच्या आधी मोजतात?"

"हो. म्हणजे मोडू नये म्हणून."

"माझी कंबर गेली तेव्हा एकही कॅमेरा नव्हता बघ," तो म्हणाला. "बरंच झालं म्हणा. तोंडातून काय काय निघालं, तेही रेकॉर्ड झालं असतं."

मॅडम वाईट नव्हत्या, हे आधीच सांगितलेलं बरं. गुडघ्याच्या आत एक बंध असतो, दोरीसारखा, मांडीचं हाड आणि नडगी एकमेकांना धरून ठेवणारा. तो तुटला की खेळाडूचं वर्ष जातं, पुष्कळदा खेळच जातो. मुलींचा तो जास्त तुटतो. मॅडम सात वर्षं या एकाच प्रश्नाच्या मागे लागल्या होत्या. त्यांनी पंधरा मिनिटांचा एक व्यायाम बसवला होता: एका पायावर तोल, बसून उठणं, उडी मारून मांजरासारखं हलकं उतरणं. आठ शाळांमध्ये सरावाआधी तो घेतला जायचा. प्रशिक्षक कुरकुर करायचे, मुली फिदीफिदी हसायच्या, पण दोन हंगामांत त्या शाळांतले तुटलेले गुडघे नवावरून तीनवर आले. तो आकडा मॅडमनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला होता आणि सफाईवाल्याला तो पुसायची बंदी होती.

त्या हॉलमध्ये आणखी एक जण असायचा, मॅडमचा संशोधन सहायक. जाड भिंगांमुळे त्याला मुली चष्मिष म्हणायच्या. तो संगणकावर बसायचा आणि गरज असेल तेवढंच बोलायचा.

आणि शिडी. शिडी हँडबॉल खेळायची. एकोणीस वर्षांची, इतकी उंच की ठिपकेबाईला तिच्या खुब्याचा ठिपका लावताना टाचा उचलाव्या लागायच्या. तिचे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. "बाप लिफ्टवाला आणि मुलगी शिडी," ती स्वतःच सांगायची, "आमच्या घरात खाली जायची सोयच नाही." ठिपके लावायला वीस मिनिटं लागत. तेवढ्या वेळात ती ठिपकेबाईला सगळं सांगून टाकायची. मोठ्या संघाची निवड दोन महिन्यांवर आली आहे, आई म्हणते नोकरी बघ, डाव्या बुटात खडा जातो. ती तिला मावशी म्हणायची. ठिपकेबाईला मूल नव्हतं. तिला ती हाक आवडायची, पण आवडते असं तिने कधी दाखवलं नाही.

शिडीचा गुडघा आत पडायचाच नाही. शंभर-सव्वाशे मुलींत असा गुडघा तिचाच. ओळंबा सोडल्यासारखी ती सरळ उतरायची. मॅडम बाकीच्या मुलींना तिचं चित्रण दाखवायच्या.

त्या वर्षी मॅडमनी एका शास्त्रीय नियतकालिकाकडे पाठवलेला लेख परत आला. तपासणाऱ्यांनी विचारलं होतं, ताज्या दमाची मुलगी कशी उतरते ते कळलं, पण दमलेली कशी उतरते? सामन्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत गुडघे जातात, पहिल्या दहात नाही. म्हणून नवा प्रयोग ठरला. लागोपाठ चाळीस उड्या, दर दहा उड्यांनी पाणी. संमतीपत्रावर तसं स्पष्ट लिहिलं होतं: जास्तीत जास्त चाळीस. मुली सही करायच्या. तिसाव्या उडीच्या आसपास बहुतेकींचा गुडघा आत झुकू लागायचा, आणि तोच क्षण मॅडमना हवा असायचा. तो मिळाला की त्या स्वतः टाळी वाजवून थांबवायच्या.

शिडीच्या चाळीस झाल्या आणि गुडघा सरळच.

"मॅडम, चाळीस," चष्मिष म्हणाला.

"माहीत आहे." मॅडम पडद्याकडे पाहत होत्या. मग शिडीकडे वळल्या. "जमतंय का आणखी थोडं?"

"जमेल की," शिडी म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता, पण ती हसत होती. सगळ्यांपेक्षा आपण जास्त टिकलो, हे तिला कळलं होतं.

"नवीन फाइल उघड," मॅडम चष्मिषला म्हणाल्या.

पन्नास झाल्या. घामाने ठिपके सुटायला लागले. एकेक उडी झाली की ठिपकेबाई गुडघ्यांवर बसून सुटलेला ठिपका पुन्हा लावायची आणि आपल्या वहीत लिहायची: उडी एकावन्न, उजवा घोटा. उडी चोपन्न, डावी टाच. वही तिचीच होती. कुठला ठिपका कधी हलला हे माहीत असलं की पुढे संगणकावर काम सोपं जायचं. तिच्या हाताखाली शिडीच्या मांड्या थरथरत होत्या. बंद पडायला आलेल्या शिलाई मशीनसारख्या. छप्पन्नाव्या उडीनंतर शिडी खाली वाकली आणि तिच्या कानाशी म्हणाली, "मावशी, अजून किती?"

"थोड्याच असतील," ठिपकेबाई म्हणाली. "पाणी देऊ?"

शिडीने मान हलवली. नको.

बासष्टाव्या उडीला डाव्या गुडघ्याचा ठिपका सुटून जमिनीवर पडला. त्याशिवाय पुढची उडी मोजताच आली नसती. चिकटपट्टीचं रीळ जवळपास संपलं होतं. ते पूर्ण संपलं असं ती म्हणू शकली असती. हॉलमध्ये त्याच्यावर कुणी शंका घेतली नसती, वरून नवीन आणायला दहा मिनिटं गेली असती आणि मॅडमनी बहुधा तिथेच दिवस आटोपला असता. हे सगळं तिच्या मनात आलं. तरी तिने उरलेला तुकडा काढला, ठिपका लावला आणि अंगठ्याने नीट दाबून बसवला. नोकरी मॅडमची, हॉल मॅडमचा, शिकलेली माणसं मॅडम आणि चष्मिष. आपण मध्ये बोलणारे कोण, असं तिला वाटलं. फार विचार करून वाटलं असंही नाही.

शिडी फळीवर चढली आणि उतरली. आवाज फार मोठा नव्हता. जाड कापड दोन्ही हातांत धरून एका झटक्यात फाडावं, तसा दबका. शिडी ओरडली नाही. ती पाटीवर आडवी झाली आणि डावा पाय दोन्ही हातांनी धरून छताकडे पाहत राहिली. ओरडल्या त्या मॅडम.

दवाखान्यात मॅडम शिडीच्या खाटेशी संध्याकाळपर्यंत बसल्या. डॉक्टरांनी सांगितलं, आतला बंध पूर्ण तुटला आहे, दोन हाडांमधली गादीही फाटली आहे. निवडीचा प्रश्नच उरला नाही. शिडीच्या आईने मॅडमना बाहेर जायला सांगितलं, तेव्हा त्या बाहेर जाऊन बाकावर बसल्या.

दोन दिवस हॉल बंद होता. तिसऱ्या दिवशी मॅडमनी ठिपकेबाईला बोलावलं. डोळे सुजलेले होते.

"बाई, ते चित्रण आपल्याकडे आहे. सहाही कॅमेऱ्यांचं, पाटीच्या भारासकट." त्या सावकाश बोलत होत्या. "मैदानात गुडघे रोज जातात. पण मोजमाप चालू असताना गेलेला गुडघा फार क्वचित कुणाच्या हाती लागतो. नेमकं कधी तुटलं, कसं तुटलं, ते यातून कळेल. तिचं दुखणं निदान वाया तरी जाऊ नये."

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली.

"पडताना तिचे हात मध्ये आलेत, सगळे ठिपके मिसळलेत. तुमच्याशिवाय हे कुणाला जमणार नाही."

अकरा दिवस ती त्या एका उडीवर बसली. पहिल्या चित्रात शिडी हवेत होती, नजर वर टांगलेल्या चेंडूवर. नंतरच्या चित्रात टाच टेकली. मग एकेक चित्र पुढे सरकवत ठिपकेबाई मोजत गेली: दुसरं, तिसरं, चौथं. सहाव्या चित्रापर्यंत गुडघा ओळंब्यात होता. सातव्यात किंचित आत. आठव्यात स्पष्ट आत. नवव्या चित्रात मांडीचं हाड एकीकडे आणि नडगी दुसरीकडे सरकली होती. कापडावरची खूण हलली की शिवण वाकडी जाते, तसं. आणि नवव्या चित्रातही शिडीचा चेहरा शांतच होता. तिला अजून काही कळलेलं नव्हतं. तोंड उघडलं ते पस्तिसाव्या चित्रात. मधली सव्वीस चित्रं ठिपकेबाई रोज पाहायची. पाय गेलेली मुलगी, आणि तिला ते माहीत नाही.

पाचव्या कॅमेऱ्याचं चित्रण थोडं आधी सुरू झालं होतं. त्याच्या सुरुवातीला डाव्या गुडघ्यावर एक अंगठा होता. नखाच्या कडेला जुन्या कात्रीचा व्रण. दोन सेकंद तो अंगठा दाबून राहिला आणि मग चौकटीबाहेर गेला. तिने आपला हात टेबलाखाली घेतला. मग पुन्हा वर काढला, कारण माउस धरायचा होता.

प्रत्येक उडीची वेगळी फाइल असायची; या फाइलवर क्रमांक होता त्रेसष्ट. बाराव्या दिवशी सकाळी ती आली तर त्याच फाइलवर चाळीस लिहिलेलं होतं. एक्केचाळीसपासून पुढच्या फाइली जागेवर नव्हत्या.

तिने चष्मिषला विचारलं. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"मला सांगितलं तसं केलं मी," तो म्हणाला. "तुम्ही ठिपके लावा ना. ते काम चांगलं आहे तुमचं."

पुढच्या आठवड्यात शिडीचे वडील कामाच्या कपड्यांतच संस्थेत येऊन गेले. त्यांना एक छापील कागद देण्यात आला. प्रयोग मंजूर मर्यादेत होता, दुखापत चाळिसाव्या उडीला झाली, मुलीने घरी नेमून दिलेला व्यायाम नियमित केला नसावा, असं त्यात होतं. त्यांनी तो तिथेच उभ्याने दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

रविवारी ठिपकेबाई शिडीच्या घरी गेली. तिसरा मजला, इमारतीला लिफ्ट नव्हती. शिडी खिडकीशी खुर्चीत बसली होती, पाय समोर स्टुलावर, मांडीपासून घोट्यापर्यंत पट्ट्यात आवळलेला. आईने दार उघडलं आणि ती तशीच आत निघून गेली.

"बसा ना मावशी." शिडी बारीक झाली होती. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून ती म्हणाली, "मी ना, तिसाच्या पुढे मोजायचंच सोडलं होतं. मला वाटत होतं खूप झाल्या. पण चाळीसच म्हणतात." ती स्टुलावरच्या पायाकडे पाहत होती. "चाळीस उड्यांत मोडणारी मुलगी कोण घेणार संघात? बरोबर आहे त्यांचं. व्यायामही मी दोन-तीनदा बुडवला होता. माझंच चुकलं. मी नीट उतरले नाही."

ठिपकेबाईने नऊ चित्रं पाहिली होती. इतकं नीट उतरलेलं कुणी तिने पाहिलं नव्हतं.

"चाळीस नव्हत्या," ती म्हणाली. "त्रेसष्ट होत्या."

शिडीने वर पाहिलं.

"तू नीटच उतरलीस. पाय थकला होता, तू नाही चुकलीस. मी रोज बघते ते."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी मोजत होते. वहीत आहे."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. आई ऐकत असणार.

"मोजत होतात," शिडी म्हणाली. "आणि मी विचारलं तेव्हा म्हणालात थोड्याच असतील."

"हो."

"का?"

ठिपकेबाईची नजर स्टुलावरच्या पायाकडे गेली.

"जा तुम्ही," शिडी म्हणाली. "मावशी, खरंच जा."

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने रेडिओ बंद केला.

"अगं, आता काय करणार?"

"शिडीचे वडील चौकशी मागणार. मला बोलावतील."

"नोकरी जाईल."

"जाईल."

"आणि त्या व्यायामाचं काय? आठ शाळांतल्या पोरींचं?"

हा प्रश्न तो विचारेल असं तिला वाटलं नव्हतं. तो कमरेखाली उशी सरकवत म्हणाला, "मी आपलं विचारतोय. मला कुणी असं शिकवलं असतं ना, खोकं कसं उचलायचं ते, तर मी आज तुला इथे दिसलो नसतो."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर इतके दिवस गप्प बसले."

चौकशीच्या आदल्या दिवशी मॅडमनी तिला हॉलबाहेरच्या व्हरांड्यात गाठलं. धमकी दिली नाही. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"मी गुन्हा केला आहे, बाई. मला तो झोपेतसुद्धा दिसतो. पण हा अभ्यास बुडाला तर व्यायामही बुडेल. एका मुलीसाठी किती गुडघे जातील, याचा हिशेब मी करून पाहिलाय. तुम्हीही करा."

"मला हिशेब जमत नाही, मॅडम," ठिपकेबाई म्हणाली. "ती पोर म्हणते, माझंच चुकलं. ते मला ऐकवत नाही."

चौकशीला तीन माणसं होती, लांब टेबलामागे. चष्मिषने खाली बघून सांगितलं की त्याला नक्की आठवत नाही. ठिपकेबाईने वही टेबलावर ठेवली. उडी त्रेसष्टपर्यंत सगळं होतं, तारखेसकट. मधल्या माणसाने वही चाळली आणि विचारलं, "तुम्ही त्या वेळी कुणाला थांबवलं का?"

"नाही."

"का नाही?"

"ठिपका पडला होता. थांबवता आलं असतं. मी तो परत लावला." तिने व्रणाचा अंगठा टेबलावर ठेवला. "पाचव्या कॅमेऱ्यात माझा अंगठा दिसतो. बघा तुम्ही."

टेबलामागे कागदांची चाळवाचाळव झाली. मग मॅडम उभ्या राहिल्या. "बाई खरं बोलतायत," त्या म्हणाल्या. "फाइली मी बदलायला लावल्या. याला काही विचारू नका, यानं मी सांगितलं ते केलं." एवढं बोलून त्या खाली बसल्या आणि नंतर कुठल्याच प्रश्नाला त्यांनी बचाव केला नाही.

त्यानंतर सगळं भराभर झालं. हॉलला कुलूप लागलं. मॅडमना काढलं. ते चित्रण अभ्यासासाठी वापरायचं तर शिडीची परवानगी हवी होती, तिच्याकडे कागद गेला. "तो गुडघा माझा आहे," असं म्हणून तिने तो परत पाठवला. चष्मिषला वर्षाच्या आत चित्रपटांतल्या राक्षसांना चालायला शिकवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली. तिथेही माणसांच्या अंगावर ठिपके लावतात म्हणे. आणि आठ शाळांना पत्रक गेलं: संबंधित संशोधन रद्द झाल्यामुळे व्यायामाचा कार्यक्रम पुढील सूचनेपर्यंत थांबवावा. पुढील सूचना कधी आलीच नाही.

पुढच्या हंगामात त्या शाळांतले पाच गुडघे गेले. हे ठिपकेबाईला एका प्रशिक्षिकेने सांगितलं. ती पत्ता शोधत घरी आली होती, रागावलेली. "तुमच्या त्या खऱ्यापायी माझी सर्वांत चांगली मुलगी कुबड्यांवर आहे," दारातच म्हणाली. मग आत येऊन बसली, नवऱ्याने दिलेला चहा घेतला आणि जाताना खाली मानेने विचारलं, "तो व्यायाम तुम्हाला पाठ आहे का?"

पाठ होता. आठवड्यातून तीन सकाळी ठिपकेबाई त्या शाळेच्या मैदानावर जाऊ लागली. साडी खोचून स्वतः उडी मारून दाखवायची, मुली तोंडावर हात धरून हसायच्या. हसू दे, असं म्हणून ती प्रत्येकीच्या समोर बसून गुडघ्याकडे पाहायची आणि सांगायची, आत चाललाय, बाहेर ठेव. यंत्राशिवाय तिला ते दिसायचं. एक हंगाम असा गेला. मग मुख्याध्यापिका बदलल्या. शिक्षण नसलेली बाहेरची बाई, रद्द झालेला कार्यक्रम, उद्या कुणाला काही झालं तर जबाबदार कोण, असं नव्या बाईंनी विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हता. ठिपकेबाई त्या दिवशी मैदानाच्या फाटकावरूनच परत आली.

आता ती एका शिंप्याच्या दुकानात काजं करते. डोळे पहिल्यासारखे राहिलेले नाहीत.

त्या चौकशीनंतर सहा वर्षांनी नवऱ्याच्या कमरेच्या गोळ्या आणायला ती घरापासून लांबच्या एका औषधाच्या दुकानात गेली, जवळच्या दुकानात त्या संपल्या होत्या. काउंटरमागे शिडी होती. पांढरा कोट, केस कापलेले. वरच्या फळीवरचं खोकं तिने टाचा न उचलता काढलं आणि वळली तेव्हा ओळख पटली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"कोणासाठी?" शिडीने चिठ्ठी हातात घेत विचारलं.

"आमच्या ह्यांच्यासाठी. कंबर."

"अजून तशीच?"

"तशीच." ठिपकेबाई थांबली. "तुझा पाय?"

"दोन ऑपरेशनं झाली. चालते. जिना उतरताना कठडा धरावा लागतो." ती गोळ्यांची पाकिटं मोजत होती. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. "मी खूपदा विचार केला," ती मान वर न करता म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी थांब म्हणाला असतात, तर मी थांबले असते का? नसते थांबले. मला सगळ्यांच्या पुढे जायचं होतं. मॅडमपेक्षा मलाच जास्त हाव होती."

ठिपकेबाईच्या छातीवरचं काहीतरी हललं, आणि ते हललेलं शिडीला दिसलं असावं.

"पण म्हणायला हवं होतंत," शिडी म्हणाली. "एवढंच."

"हो."

शिडीने पाकिटं कागदी पिशवीत घातली, पिशवीचं तोंड दोनदा दुमडलं आणि काउंटरवरून पुढे सरकवली.

"सकाळ-संध्याकाळ एकेक. जेवणानंतर. उपाशीपोटी देऊ नका, पोटात जळजळतं."

ठिपकेबाईने पिशवी घेतली आणि ती बाहेर रस्त्यावर आली.